कडू-तुरट भाज्यांतली द्रव्यं आपल्या पेशीत जाऊन नेमकं करतात तरी काय? (आबांच्या शुगरवरून)

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते, धागा लांबेल. आमच्या सासऱ्यांना घरात सगळे आबा म्हणतात, वय ७१, बारा वर्षांपासून शुगर आहे आणि मेटफॉर्मिनच्या गोळीवर ती बऱ्यापैकी आटोक्यात होती. दिवाळीत गावाकडं गेले तिथं कुणीतरी दारुहळदीच्या कॅप्सूलचा डबा दिला आणि मोबाईलवर व्हिडिओ दाखवला की हीच नैसर्गिक मेटफॉर्मिन, ती केमिकलची गोळी बंद करा. आबांनी कुणाला न सांगता गोळी बंद केली. तीन महिन्यांनी तपासलं तर एचबीए१सी, म्हणजे मागच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, ७.२ चं १०.१ झालेलं, आणि पायाच्या अंगठ्याला चपलेनं घासून फोड आलेला तो भरायचं नाव घेईना.

मी कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवते. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की त्या व्हिडिओतली अर्धी गोष्ट खरी होती. दारुहळदीत बर्बेरिन नावाचं पिवळं कडू द्रव्य असतं आणि ते पेशीत जिथं हात लावतं तिथंच मेटफॉर्मिनही लावते. एवढंच काय, मेटफॉर्मिनचं मूळसुद्धा वनस्पतीतच आहे. युरोपात गॅलेगा नावाचं एक शेंगवर्गातलं रोप आहे, त्यातल्या गॅलेजिननं साखर उतरते हे कळलं होतं पण ते फार विषारी, माणसाला देता येईना. मग त्याच घराण्यातला सौम्य रेणू, म्हणजे मेटफॉर्मिन, १९२२ मध्ये डब्लिनला प्रयोगशाळेत तयार झाला आणि १९५७ मध्ये पॅरिसला ज्यां स्टर्न या डॉक्टरांनी तो मधुमेहासाठी वापरला. म्हणजे झाडातलं काय घ्यायचं, किती घ्यायचं आणि त्यातलं विष कसं काढायचं यात माणसांची हयात गेलीय, आणि आबांच्या हातात कुणीतरी डबा ठेवला ज्यावर मात्राही धड छापलेली नव्हती.

आता पेशीत काय होतं ते सांगते. पेशीचं चलन म्हणजे एटीपी. ते खर्च होत गेलं की शेवटी उरतं ते एएमपी. प्रत्येक पेशीत एएमपीके नावाचं एक प्रथिन बसलेलं असतं, ते कणगीत हात घालून धान्य किती उरलं बघणाऱ्या आजीसारखं आहे. एएमपी वाढलं म्हणजे कणगी खाली चालली, की आजी लगेच हात आखडता घेते, चरबी साठवणं थांबव, लिव्हरमध्ये नवी साखर बनवणं कमी कर, स्नायूंना सांग बाहेरची साखर आत ओढा. बर्बेरिन काय किंवा मेटफॉर्मिन काय, पेशीच्या ऊर्जेच्या यंत्राला किंचित मंद करतात, आजीला वाटतं टंचाई आली, आणि घराचा खर्च आवरला जातो. कारल्यातली कडू द्रव्यंही पेशींमध्ये हेच एएमपीके जागं करतात असं शांघाय आणि सिडनीच्या लोकांनी २००८ मध्ये दाखवलं होतं.

किंचित मंद हा शब्द धरून ठेवा. सगळा खेळ त्यातच आहे. तुमच्याकडचे अनुभव लिहा.

कडबापेंढी (जिंतूर)

ताई, तुमचं वाचून मला आमची गोरी गाय आठवली. तुम्ही म्हणायलात किंचित मंद, मी पूर्ण बंद पडलेलं डोळ्यानं बघितलंय. पाऊस ओढ दिलेला, ज्वारी गुडघ्याएवढी होऊन सुकायलेली, गाय दावं तोडून धुऱ्यावरून आत शिरली. अर्ध्या तासात लटपटायली, तोंडाला फेस, जोरजोरात श्वास घ्यायली पण श्वास पुरंना, डोळे तांबडेलाल. आमच्याकडं त्याला किराळ लागली म्हणतात. वडील ओरडायले की फोटो स्टुडिओतून हायपो आणा हायपो आणा, मी मोटारसायकल काढली, तवर डॉक्टर आले, त्यांनी शिरेत इंजेक्शन दिलं आणि गाय वाचली. शेजाऱ्याची कालवड मात्र त्याच आठवड्यात गेली. मला एवढंच विचारायचंय की त्याच ज्वारीची भाकर आपण पिढ्यानपिढ्या खायलोत, तोच कडबा जनावर खायलंय, मग हे इख येतं कुठून?

मांजराकाठ

दादा, याच्याहून चांगलं उदाहरण मला वर्गातही कधी सापडलं नाही.

कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचं द्रव्य असतं आणि ते फोडणारं एन्झाइम त्याच पानात पण वेगळ्या कप्प्यात ठेवलेलं असतं. जनावरानं चावलं की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि सायनाइड सुटतं. पीक कोवळं असताना, पाण्याचा ताण बसल्यावर आणि खोडव्याच्या फुटव्यात ते सगळ्यात जास्त. पीक निसवून पक्कं झालं की उतरत जातं, म्हणून वाळका कडबा चालतो, आणि पक्क्या दाण्यात ते जवळजवळ नसतंच.

आता ते सायनाइड पेशीत काय करतं बघा. पैठणला जायकवाडीच्या पायथ्याशी वीज केंद्र आहे ना, भिंतीमागं पाणी साठवायचं आणि सोडताना चक्र फिरवायचं, आपल्या प्रत्येक पेशीत तसंच आहे. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं ऊर्जेचं यंत्र, त्याच्या पडद्यात पंप बसवलेत, अन्नातून निघालेल्या इलेक्ट्रॉनच्या जोरावर ते प्रोटॉन भिंतीपलीकडं चढवतात, आणि ते प्रोटॉन परत येताना खरोखरचं एक चक्र फिरतं, त्यातून एटीपी निघतं. शेवटी ते इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला दिले जातात. सायनाइड अगदी त्या शेवटच्या दारात जाऊन बसतं. मग रक्तात ऑक्सिजन भरपूर असून पेशीला तो वापरताच येत नाही. म्हणून तुमच्या गाईचे डोळे लालभडक होते, ऑक्सिजन न वापरता तसाच परत चाललेला होता. श्वास पुरेना म्हणालात ते तंतोतंत खरंय.

आणि वडील बरोबर सांगत होते. फोटो धुवायचं हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, डॉक्टर सोडियम नायट्राइटबरोबर तेच शिरेतून देतात. त्यातलं गंधक सायनाइडला चिकटवून शरीर त्याचं थायोसायनेट करतं आणि लघवीवाटे टाकतं. थोड्या सायनाइडपुरती ही सोय आपल्या लिव्हरमध्येही आहे.

बर्बेरिन पहिल्या पंपावर हलका हात ठेवतं, सायनाइड शेवटचं दार बंद करतं. यंत्र तेच.

बालाघाटची_लेक (धारूर)

इथं मला लिहायलाच पाहिजे. आमच्या बालाघाटाच्या डोंगरात सीताफळ म्हणजे सगळं काही, बीडच्या सीताफळाला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन पण आहे, हंगामात आया-बाया पाट्या घेऊन स्टँडवर बसतात. माझ्या मावसबहिणीनं लेकीच्या उवा मारायला सीताफळाच्या बिया वाटून डोक्याला लावल्या, आंघोळ घालताना ते पाणी डोळ्यात गेलं, पोरगी रात्रभर ओरडत होती, डोळा उघडंना, अंबाजोगाईला न्यावं लागलं, बुबुळावर जखम झालेली. आठ दिवस पट्टी. आणि हीच बहीण मला व्हॉट्सॲपवर पाठवते की हनुमानफळाच्या पानांचा काढा प्या, कॅन्सर मरतो, केमोपेक्षा दहा हजारपट भारी. आमच्या गल्लीत एका काकूंची गाठ निघाली, त्या आता हा काढा प्यायलेत आणि ऑपरेशनला नाही म्हणायलेत. ताई काय सांगू त्यांना?

मांजराकाठ

बालाघाट, आधी काकूंबद्दल, कारण ते थांबण्यासारखं नाही.

सीताफळ, रामफळ, हनुमानफळ, लक्ष्मणफळ या सगळ्या घराण्याच्या बियांत, सालीत, पानांत ॲसिटोजेनिन नावाची द्रव्यं असतात. ती मायटोकॉन्ड्रियाचा पहिला पंप, तोच ज्याच्यावर बर्बेरिन हलका हात ठेवतं, तो गच्च आवळतात. ऊ मरते ती त्यानंच, आणि पोरीचं बुबुळ भाजलं तेही बियांतल्या जहरानंच. काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशी यानं मरतात हे खरं आहे आणि फॉरवर्ड तिथूनच निघालेत. पण बशीतल्या पेशी सायनाइडनंही मरतात. काढा प्यायल्यावर तो पंप मेंदूच्या पेशीतही आवळला जातो, गाठ शोधून तेवढीच मारायची अक्कल त्या द्रव्याला नाही. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर १९९९ मध्ये डॉक्टरांच्या लक्षात आलं की पार्किन्सनसारखा पण औषधाला न जुमानणारा आजार तिथं फार आहे, आणि त्या रुग्णांत लक्ष्मणफळ आणि त्याच्या पानांचा चहा वर्षानुवर्षं घेणारे खूप होते. हेच कारण असं छातीठोक सिद्ध झालेलं नाही, पण ते द्रव्य उंदरांना दिल्यावर मेंदूच्या पेशी मेल्या हे दिसलंय.

हंगामात चार सीताफळांचा गर खाणाऱ्यांचा हा विषय नाही, खुशाल खा, फक्त बिया फोडू नका आणि मिक्सरमध्ये रबडी करताना एकही बी आत जाऊ देऊ नका.

काकूंना वाद न घालता एवढंच म्हणा की काढ्याचं आपण ऑपरेशननंतर बघू, आधी डॉक्टरांकडं मी सोबत येते. सोबत जाच. एकटीनं जायची भीती हेच बऱ्याचदा खरं कारण असतं, काढा नुसतं निमित्त.

गाठीवरची_हळद (वसमत)

आमच्या वसमतच्या हळदीला २०२४ ला जीआय मिळालं त्याचा आनंद आहे पण तिच्या नावावर जे चाललंय त्यानं जीव जळतो. आम्ही कंद उकळतो, वाळवतो, ड्रममध्ये घासून पॉलिश करतो, नऊ महिन्याचं पीक आहे हे. व्यापारी आता विचारतो करक्युमिन किती टक्के, तेवढंच काढून कॅप्सूल भरायचेत म्हणून. माझा प्रश्न सरळ आहे, वरणातली चिमूटभर हळद काही करते का नाही?

गोळ्यांचं_दुकान (परभणी)

याचं मी सांगतो, माझा धंदाच औषधाचा आहे. हळदीत करक्युमिन साधारण २ ते ५ टक्के, म्हणजे ३ ग्रॅम हळदीत शंभर मिलिग्रॅमच्या आसपास. आणि पोटात गेलेलं बहुतेक आतड्यात आणि लिव्हरमध्ये लगेच पकडून बाहेर काढलं जातं, शरीर त्याला पाहुणा समजत नाही, परकं समजतं. १९९८ ला बंगळुरूच्या संशोधकांनी २ ग्रॅम करक्युमिन नुसतं दिलं तर रक्तात नावालाच सापडलं, आणि त्यासोबत मिऱ्यातलं पायपरिन २० मिलिग्रॅम दिलं तर जवळजवळ वीसपट वाढलं. तेव्हापासून प्रत्येक कॅप्सूलमध्ये मिरं घालायलेत आणि डब्यावर मोठ्या अक्षरात छापायलेत.

पण लोक हे विचारत नाहीत की मिऱ्यानं केलं काय? त्यानं परक्या गोष्टी बाहेर काढणारी आतड्यातली आणि लिव्हरमधली यंत्रणाच अडवली. त्याच यंत्रणेतून तुमची बीपीची, फिटची, रक्त पातळ करायची गोळीपण बाहेर जात असते. मग त्या गोळ्याही रक्तात वाढू शकतात. माझ्याकडं एक गिऱ्हाईक रक्त पातळ करायची गोळी आणि करक्युमिन-मिरं दोन्ही घेत होते, दात घासताना रक्त थांबंना. मी डॉक्टरांकडं पाठवलं, कॅप्सूल बंद केल्यावर आटोक्यात आलं. इटलीत २०१९ ला हळदीच्या सप्लिमेंटनंतर लिव्हरला सूज आलेल्या केसेसची सरकारी चौकशीच झाली होती. वरणातल्या हळदीनं असं झालेलं मी बघितलं नाही.

अजून एक, झाडातून चांगलं औषध निघत नाही असं कुणी समजू नका. १८३५ ला सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन काढलं, त्यानं लघवीतून साखर जाते हे कळलं, आणि त्याच्याच धाग्यावर सुधारत सुधारत आजची शुगरची गोळी डापाग्लिफ्लोझिन आली. २०२० ला पेटंट संपलं आणि ती आपल्याकडं एकदम स्वस्त झाली. आज माझ्या काउंटरवरून सगळ्यात जास्त जाणाऱ्या गोळ्यांत ती आहे.

मांजराकाठ

दादांनी नेमकं सांगितलं. हळदवाले भाऊ, चिमूटभर हळद रक्तात फारशी पोचत नाही पण ती आतड्यातून जाते, तिथल्या अस्तराला आणि जीवाणूंना तिचा स्पर्श रोज होतो. तुमचं पीक मसाला म्हणून मोलाचंच आहे. त्याला औषधाचा मुलामा देणारे वेगळे.

चुलीपाशी (औसा)

मला इतकं शास्त्र नाही कळत पण धाग्यात एक सारखं येतंय, चावलं की दोन कप्पे फुटतात आणि तिसरंच काहीतरी तयार होतं. हे तर आपण रोज करतो की. लोणच्याला मोहरी फेसताना कोरडी मोहरी वाटली तर वास नाही काही नाही, पाणी टाकून फेसायला लागलं की पाच मिनिटात नाकातून डोळ्यात. लसूण आख्खा तळला तर गोड लागतो, ठेच्यात कुटला की झणका. हे तेच का?

मांजराकाठ

ताई, शास्त्र कळत नाही म्हणू नका, तुम्ही ते नाकानं ओळखलंय.

मोहरीत सिनिग्रिन एका कप्प्यात आणि मायरोसिनेज हे एन्झाइम दुसऱ्यात. ओलं करून फेसलं की दोन्ही भेटतात आणि तो नाकात जाणारा आयसोथायोसायनेट तयार होतो. लसणात तसंच, ॲलिइन आणि ॲलिनेज भेटले की ॲलिसिन. कोबी, मुळा, ब्रोकोली मोहरीच्याच कुळातले. झाडानं हे किड्याला हाकलायला केलंय, आपल्यासाठी नाही. ब्रोकोलीतल्या सल्फोराफेनवर १९९२ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या पॉल टॅलॅले यांच्या लॅबनं काम केलं. आपल्या पेशीत एनआरएफ२ नावाचं प्रथिन रोज बनतं आणि रोज मोडलं जातं, कारण कीप१ नावाचं दुसरं प्रथिन त्याला दावणीला धरून ठेवतं. झाडाचं हे झणझणीत द्रव्य कीप१ च्या गंधकाला जाऊन चिकटतं, दावं सुटतं, एनआरएफ२ थेट पेशीच्या केंद्रात जाऊन विषं निस्तरणारी जनुकं चालू करतं, ग्लुटाथिऑन हे पेशीचं स्वतःचं विष निस्तरणारं द्रव्य वाढतं. म्हणजे भाजीतलं द्रव्य स्वतः काही साफसफाई करत नाही, ते बारीक टोचतं आणि पेशी आपली झाडू काढते. टोचणं संपल्यावरही ती झाडू बराच वेळ चालू राहते.

अँटिऑक्सिडंट म्हणून डब्यावर छापतात ते मला म्हणून पटत नाही. फिनलंडमध्ये २९,००० वर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर प्रयोग केला, त्यातल्या काहींना रोज बीटा-कॅरोटीन या गाजरातल्या अँटिऑक्सिडंटची गोळी दिली, फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल म्हणून. १९९४ मध्ये निकाल आला तर गोळी घेणाऱ्यांत तो १८ टक्के जास्त. गाजर खाऊन असं झालेलं नाही.

घरात करण्यासारखं एवढंच, लसूण ठेचून दहा मिनिटं तसाच ठेवा मग फोडणीत टाका, कारण आच लागली की एन्झाइम मरतं. कोबी चिरून थोडा वेळ ठेवा. मुळा कच्चाच भाकरीसोबत खा.

मुळी_आणि_मात्रा (नांदेड)

सगळं वाचलं. मी आयुर्वेद शिकलोय आणि प्रॅक्टिस करतो, त्यामुळं थोडं मनाला लागलं. दारुहळद आमच्याकडं आहे, पण प्रकृती, अग्नी, वय बघून, कशासोबत, किती दिवस, हे ठरवूनच. आबांना जे मिळालं तो आयुर्वेद नाही, आयुर्वेदाच्या नावाची विक्री आहे. तुमच्या धाग्यामुळं लोक काढा म्हटलं की पळायला नकोत एवढंच म्हणणं. गुळवेलीच्या बाबतीत तेच झालं, मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ ला लिव्हरच्या केसेस मांडल्या, आयुष मंत्रालयानं म्हटलं की वनस्पती नीट ओळखली का ते बघा, आणि मधल्या मधे रुग्ण गोंधळला.

मांजराकाठ

वैद्यबुवा, तुमचं मात्रेबद्दलचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य, माझाही सगळा आग्रह मात्रेचाच आहे. पण एका ठिकाणी मी अडते. कोरोनात लोकांनी महिनोन्‌महिने घरच्या घरी गुळवेल प्यायली, तेव्हा त्यांना अडवायला कुणी नव्हतं. चुकीची वेल असो का खरी, लिव्हर त्या माणसाचंच सुजलं. कडू दुधीचंही तसंच, रस काढून पिणाऱ्यांना रक्ताच्या उलट्या झाल्या, माणसं दगावली, मग आयसीएमआर म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीला सांगावं लागलं की रस कडू लागला तर थुंकून टाका. आपल्या आज्या भाजी करायच्या आधी दुधीचा तुकडा चाखायच्या, कडू निघाला की टाकून द्यायच्या. ती सवय मिक्सरनं घालवली. माझी विनंती एवढीच, तुमच्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला चालू गोळ्या कोणत्या हे विचारा, आणि त्यांनाही डॉक्टरला काढा सांगायला सांगा.

मुळी_आणि_मात्रा

विचारतो. आजपासून कागदावर लिहूनही घेतो.

चुलीपाशी

ताई एक राहिलंच. माझ्या सुनेनं कुठंतरी बघितलं आणि ती नातवाला मोड आलेल्या ज्वारीचं सत्त्व द्यायची म्हणते, दीड वर्षाचा आहे. वर किराळचं वाचलं आणि पोटात गोळा आला.

मांजराकाठ

बरं झालं विचारलंत. दाण्यात धुरिन जवळजवळ नसतं पण मोड फुटला की त्या कोंबात ते भरपूर तयार होतं. नुसतं वाळवून ते जात नाही. कोंब आणि मुळ्या पूर्ण चोळून काढून टाकल्या तर बहुतेक सगळं निघून जातं, मग दाणे भाजून दळायचे आणि उघड्या भांड्यात शिजवायचं. कच्चे कोंब कुणीच खाऊ नयेत. पण इतक्या लहान लेकराला मी तर नाचणीचंच देईन, तिच्या मोडात ही भानगड नाही. ज्वारी द्यायचीच तर साधी भाकर लिंबू पिळलेल्या वरणात कुस्करून द्या म्हणजे लोह अंगी लागतं, आणि त्यावर चहा बिलकुल पाजू नका, चहातलं टॅनिन ते लोह आतड्यातच बांधून टाकतं. आपल्या परभणी कृषी विद्यापीठ आणि इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनं २०१८ ला काढलेली परभणी शक्ती ज्वारी मिळाली तर तिच्यात लोह आणि जस्त मुळातच जास्त आहे.

बालाघाटची_लेक

काकू तयार झाल्या. सोमवारी जायचंय, मी सोबत आहे. आबांचं कसंय?

मांजराकाठ

किती बरं वाटलं वाचून. आबांची गोळी परत चालू झाली, पायाची ड्रेसिंग एक दिवसाआड, कडा गुलाबी व्हायल्यात. काल त्यांनी स्वतःहून कारल्याची भाजी मागितली, भाजी म्हणून. मी खोबरं-कारळं लावून केली, अर्धी भाकर जास्त खाल्ली. दारुहळदीचा डबा त्यांनी माझ्या हातात दिला, काही बोलले नाहीत.

चुलीपाशी

सुपात घेऊन मोड चोळून काढले, दाणे बाजूला केलेत, सुनेला नाचणी आणायला पाठवलंय. काढलेले मोड वाटीभर निघाले. अंगणात कोंबड्या आहेत, त्यांना टाकू का?

कडबापेंढी

नका टाकू ताई, कोंबड्यांना पण नको अन् शेळीला पण नको. खड्डा करून मातीत पुरा.